वकील घडवणारी घरे गेली कुठे?



परीक्षांचे निकाल लागले की पेण-रोह्याकडच्या घरांतून एक ठरावीक प्रश्न आमच्याकडे येतो. मुलगा किंवा मुलगी एलएल.बी. झाली, आळीत पेढे वाटून झाले, आता पुढे काय? बाप धाटावच्या कारखान्यात पाळीवर जाणारा, आई पेणेत गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणारी. घरात, भावकीत, शेजारपाजारी कोणी वकील नाही. कोर्टाच्या आवारात कोणाच्या टेबलाशी जाऊन उभे राहायचे, तेच ठाऊक नसते. "कंपाउंडर झाला असता तर निदान दवाखान्यात तरी बसला असता," असे एक आजी आमच्यासमोर बोलून गेल्या. आम्हाला त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. काळा कोट घालून घरी बसलेले पोर पाहणे ही साधी गोष्ट नाही.

वकिली हा धंदा पुस्तकातून अर्धाच येतो. वकीलपत्र कसे भरावे, कोर्ट फीचा स्टँप किती लावावा, कैफियत किती दिवसांत द्यावी, नकलेचा अर्ज कोणत्या खिडकीवर टाकावा, पुकारा झाल्यावर साहेबांसमोर पहिले वाक्य काय बोलावे, हे कोणत्याच कॉलेजात नीट शिकवत नाहीत. ते दुसऱ्याच्या शेजारी बसून शिकावे लागते. ज्याचा बाप किंवा मामा वकील, त्याला ही शेजारची खुर्ची जन्मापासून मिळते. बाकीच्यांनी काय करायचे?

या प्रश्नाचे एक उत्तर इंग्लंडात पाच-सहाशे वर्षांपूर्वी सापडले होते आणि पुढे ते हरवलेही. आज त्याचीच हकिकत सांगायची आहे, कारण तिचा एक धागा थेट बाबासाहेबांपर्यंत येतो.

बाबासाहेब १९१६ साली लंडनच्या ग्रेज इनमध्ये दाखल झाले, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. पण ही 'इन' म्हणजे काय, हे विचारले तर बहुतेक जण 'कॉलेज' म्हणून मोकळे होतात. इन म्हणजे मूळचे उतरायचे घर, मुक्कामाची जागा. गावोगावचे तरुण कायदा शिकायला लंडनला येत, एका घरात राहत, एका खानावळीत जेवत आणि वडीलधाऱ्या वकिलांकडून धंदा शिकत. वसतिगृह, खानावळ, शाळा आणि वकिलांचे मंडळ असे चारही एका छपराखाली. अशा मोठ्या इन चार: ग्रेज इन, लिंकन्स इन, इनर टेंपल आणि मिडल टेंपल. त्या आजही चालू आहेत आणि बॅरिस्टर करण्याचा अधिकार त्यांच्याकडेच आहे.

या चार थोरल्यांच्या हाताखाली धाकट्या इनही होत्या, हे मात्र फारसे कोणाला माहीत नाही. त्यांना चॅन्सरीच्या इन म्हणत. ग्रेज इनच्या दोन होत्या, स्टेपल इन आणि बर्नार्ड्स इन. लिंकन्स इनकडे फर्निव्हल्स आणि थेव्हीज. इनर टेंपलकडे क्लिफर्ड्स, क्लेमेंट्स आणि लायन्स. मिडल टेंपलकडे न्यू इन वगैरे. यातली एकही आज जिवंत नाही.

धाकट्या इनचे काम काय? त्या काळी इंग्लंडात राजाच्या कोर्टात दावा लावायचा तर आधी चॅन्सरी नावाच्या सरकारी दफ्तरातून लेखी हुकूम, म्हणजे रिट, काढून आणावी लागे. प्रत्येक तऱ्हेच्या तक्रारीला वेगळी रिट. मजकूर चुकला की दावा बुडाला. तेव्हा नवख्या पोराने पहिली गोष्ट शिकायची ती म्हणजे हा अर्जाचा कागद बिनचूक लिहिणे. चॅन्सरीतले कारकून हे काम जाणत. त्यांच्या घरांभोवती शिकाऊ पोरे जमली आणि त्यातून या इन उभ्या राहिल्या. क्लिफर्ड्स इनचा आरंभ १३४४ सालचा सांगतात. सर जॉन फोर्टेस्क्यू हे इंग्लंडचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांनी सुमारे १४७० साली लिहून ठेवले आहे की अशा धाकट्या इन दहाएक आहेत आणि प्रत्येकीत निदान शंभर विद्यार्थी आहेत. पोरगा आधी धाकट्या इनमध्ये कागद शिके, मग थोरल्या इनमध्ये जाऊन युक्तिवाद शिके. थोरल्या इनमधून एक जाणता वकील धाकट्या घरी व्याख्याने द्यायला पाठवला जाई. जेवणानंतर खोटा खटला उभा करून पोरांना दोन्ही बाजूंनी बोलायला लावत. आज लॉ कॉलेजांतून 'अभिरूप न्यायालय' या नावाने जे होते, त्याचे मूळ या पंगतींत आहे.

पंगत हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. इनमध्ये जेवणाला फार महत्त्व. बॅरिस्टर व्हायचे तर नुसती परीक्षा पुरत नसे. बारा सत्रे भरावी लागत, आणि सत्र भरले हे ठरे इनच्या दालनात ठरलेली जेवणे जेवल्यावर! टेबलावर चौघाचौघांचा गट असे. गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे की चौघांना मिळून दारूच्या दोन बाटल्या मिळत आणि ते स्वतः पीत नसल्याने आपल्या गटात त्यांना घ्यायला सगळेच उत्सुक असत. (गांधीजी इनर टेंपलचे.) वाचून हसू येते. पण विचार करा, ज्या देशात एका पंगतीला बसण्यावरून माणसाची जात ठरत होती, त्या देशातला एक तरुण अशा धंद्यात शिरत होता की ज्याचा प्रवेशच मुळी सहभोजनातून होता. तिथे शेजारी कोण बसला आहे हे विचारून कोणी ताट सरकवत नव्हते. इकडे मात्र १९२७ साली महाडला तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले म्हणून आपल्या माणसांची डोकी फुटली.

आता या धाकट्या इन मेल्या कशा, तेही पाहू.

छापील पुस्तके आली आणि तोंडी शिकवणीची गरज कमी झाली. १६४२ साली इंग्लंडात यादवी युद्ध पेटले, व्याख्याने बंद पडली ती पुन्हा धड सुरू झालीच नाहीत. थोरल्या इननी अटर्नी लोकांना, म्हणजे कागदपत्रे करणाऱ्या वकिलांना, आपल्या घरातून बाहेर काढले. ते धाकट्या इनमध्ये शिरले आणि विद्यार्थी मागे पडले. पुढे त्या अटर्नींनीही १८२५ साली आपली स्वतःची लॉ सोसायटी काढली. मग धाकट्या इनमध्ये राहिले कोण? थोडे म्हातारे सभासद, खोल्यांचे भाडे आणि वर्षातून काही मेजवान्या. १८५४-५५ च्या सुमारास सरकारी आयोगाने चौकशी केली तेव्हा या घरांत शिक्षणाच्या नावाने जवळपास काहीच उरले नव्हते. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' या कादंबरीतला पिप लंडनला येतो तो बर्नार्ड्स इनमध्येच उतरतो, आणि ती जागा त्याला अगदी कळकट वाटते.

शेवट तर फारच वाईट झाला. लंडनच्या मध्यवस्तीत जागांचे भाव गगनाला भिडले होते. उरलेल्या सभासदांनी घरे विकायला काढली. सर्जंट्स इन नावाचे वरिष्ठ वकिलांचे असेच एक घर होते. (हे सर्जंट पोलिसातले नव्हेत, ती वकिलीतली जुनी मानाची पायरी होती.) ते १८७७ साली विकले आणि आलेला पैसा सभासदांनी आपसांत वाटून घेतला. बाहेर ओरड झाली, पण पैसा गेला तो गेला. बर्नार्ड्स इन १८९२ साली व्यापाऱ्यांच्या एका जुन्या कंपनीने शाळेसाठी घेतली. स्टेपल इनही त्याच सुमारास विकली गेली.

क्लिफर्ड्स इनच्या वेळी मात्र गाडी अडली. प्रकरण कोर्टात गेले. प्रश्न असा होता: ही जागा सभासदांच्या खाजगी मालकीची की ज्या कामासाठी ती मिळाली त्या कामाची? कोर्टाने सांगितले की ही मिळकत कायद्याच्या शिक्षणासाठी ठेवलेली विश्वस्त ठेव आहे. सभासदांना ती वाटून घेता येणार नाही. १९०३ साली क्लिफर्ड्स इन विकली गेली खरी, पण पैसा सभासदांच्या खिशात गेला नाही.

हा निकाल आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे वाडीवाडीत समाजमंदिरे आहेत, कुठे वसतिगृहासाठी घेतलेला भूखंड पडून आहे, कुठे जयंतीच्या वर्गणीतून शिल्लक राहिलेली रक्कम कोणाच्या तरी नावावर आहे. गिरणीत, कारखान्यात, शेतावर राबलेल्या माणसांनी रुपया-दोन रुपये देऊन ते उभे केले. ज्यांनी दिले ते गेले. ज्यांच्या हाती किल्ली राहिली त्यांना हळूहळू वाटू लागते की खोली आपलीच. नाव नोंदलेले नसते, हिशेब लिहिलेला नसतो. लंडनच्या म्हाताऱ्या वकिलांना जे वाटले तेच हे. त्यांना तर कायदा येत होता!

तर १९१६ साली बाबासाहेब ग्रेज इनच्या दारातून आत गेले तेव्हा तिच्या दोन्ही धाकट्या बहिणी संपलेल्या होत्या. स्टेपल इनची लाकडी चौकटीची दर्शनी इमारत तेवढी हॉबर्न रस्त्यावर उभी होती, ग्रेज इनपासून काही मिनिटांच्या चालीवर. (१९४४ साली जर्मनांच्या उडत्या बाँबने तिचे दालन उद्ध्वस्त केले, १९५५ साली ते पुन्हा बांधले.) ग्रेज इनने २०२१ साली आपल्या एका दालनाला बाबासाहेबांचे नाव दिले.

इनचा सभासद झाला म्हणजे सगळे सुरळीत झाले असे कोणी समजू नये. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली बाबासाहेबांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. नोकरी करून, पैसे साठवून, मित्रांकडून उसने घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. बॅरिस्टर होऊन १९२३ साली मुंबईला आले तेव्हा हायकोर्टाची सनद काढायलाही हातात पैसे नव्हते. ते नवल भथेना या पारशी मित्राने दिले. सनद मिळाली तरी काम कोण देणार? मुंबईत खटला सॉलिसिटरमार्फत बॅरिस्टरकडे येई आणि त्या पेढ्यांना अस्पृश्य बॅरिस्टर चालत नव्हता. म्हणून ते मोफसलच्या कोर्टात, म्हणजे जिल्ह्या-तालुक्यांत, मिळेल ते काम घेत. घर चालवायला १९२५ ते १९२८ बाटलीबॉय यांच्या हिशेबशिक्षणाच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवत. ऑक्टोबर १९२६ मध्ये पुण्यात 'देशाचे दुश्मन' या पुस्तकाच्या खटल्यात जेधे-जवळकर मंडळींचे अपील त्यांनी जिंकून दिले, तेव्हा कुठे नाव झाले. पुढे ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राध्यापक आणि १९३५ साली त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले. १९५६ साली सिद्धार्थ लॉ कॉलेज निघाले, आणि दिवसा नोकरी करणारी आपली कितीतरी माणसे तिथे शिकून वकील झाली.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. बॅरिस्टर हा मुंबईचा पक्षी. आपल्या कुलाबा जिल्ह्यात (१९८१ पासून रायगड) कोर्टात उभे राहत ते प्लीडर. त्यांची वेगळी परीक्षा, वेगळी सनद; हायकोर्टाचा वकील निराळा, जिल्ह्याचा प्लीडर निराळा, आणि खाली मुखत्यार. ब्रिटिश अमलात ही उतरंड कायद्याने बांधलेली होती आणि तालुक्याच्या गावी वकिली काही ठरावीक घरांतच फिरे. रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, यांचे वडीलही वकीलच होते. हुशारी त्यांची स्वतःची, यात वाद नाही. पण ज्या घरात कायद्याची पुस्तके फळीवर असतात त्या घरातले पोर ती उघडून तर पाहते. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने प्लीडर, मुखत्यार, वकील, बॅरिस्टर हे सगळे भेद पुसले आणि 'अ‍ॅडव्होकेट' हा एकच वर्ग ठेवला. कागदावरची उतरंड गेली.

वकील आपल्या माणसांना का हवा, हे या जिल्ह्याइतके दुसऱ्या कोणाला कळायचे? चवदार तळ्याचाच दावा घ्या. तळे आमच्या खाजगी मालकीचे आहे असे म्हणून महाडच्या सवर्णांनी १९२७ साली महाडच्या दिवाणी कोर्टात बाबासाहेबांवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावला. १४ डिसेंबरला मनाईहुकूम मिळवला. २३ फेब्रुवारी १९२८ ला तो उठला. दाव्याचा निकाल ८ जून १९३१ ला आपल्या बाजूने लागला. वादी ठाण्याला अपिलात गेले, तिथे हरले. मग हायकोर्टात गेले. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टानेही अपील फेटाळले. अस्पृश्यांना वगळण्याची अनादी वहिवाट सिद्ध झाली नाही, असे निकालपत्रात म्हटले. एक ओंजळ पाण्यासाठी दहा वर्षे तारखा! त्या दहा वर्षांत किती वेळा वकीलपत्र, किती कैफियती, किती नकला लागल्या असतील. सत्याग्रहाचा दिवस आपण साजरा करतो, या तारखा सहसा कोणाच्या लक्षात नसतात.

अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे जमीन न कसण्याचा संप केला. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल आणले. खोती पुढे कायद्याने गेली, कूळकायदा १९४८ चा, कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने संपली. पण वतनाच्या जमिनी नव्या शर्तीने परत मिळाल्या, आणि त्या शर्तीचा अर्थ न समजल्यामुळे आजही घरोघरी भांडणे आहेत. सातबाऱ्यावरची एक नोंद वाचून दाखवायला माणूस लागतो, आणि त्यासाठी परक्याच्या दारात दिवसाचा रोज बुडवून बसावे लागते.

तेव्हा ज्या घरातले पोर पहिल्यांदा वकील झाले आहे त्या घरासाठी काही माहिती देतो.

सनद काढताना पूर्वी अनेक राज्यांच्या बार कौन्सिल नाना नावांनी पंधरा हजारांपासून बेचाळीस हजारांपर्यंत रक्कम घेत. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी निकाल दिला की अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये ठरवून दिल्यापेक्षा जास्त नोंदणी फी घेता येणार नाही. ती फी सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये. स्टँपचा खर्च असला तर तो वेगळा. कोणी याहून जास्त मागितले तर निकालाची प्रत हातात ठेवून विचारा. सवलतीसाठी जातीचा दाखला लागतो. बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या आहेत, तेव्हा दाखला त्याप्रमाणे असल्याची खात्री आधीच करून घ्या. ऐन वेळी तहसील कचेरीत खेपा घालू नका.

सनदेखेरीज अखिल भारतीय बार परीक्षा असते. ती २०११ पासून सुरू आहे. पुस्तक उघडून लिहायची मुभा पुढे काढून घेतली, फक्त मूळ कायद्याची टिपणविरहित पुस्तके नेता येतात. तेव्हा मूळ कायदा वाचायची सवय कॉलेजातच लावलेली बरी.

वरिष्ठ वकिलाच्या हाताखाली एक वर्ष शिकण्याची सक्ती बार कौन्सिलने १९९५ साली घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली ती रद्द केली. गरीब घरच्या पोराला वर्षभर बिनपगारी राबावे लागू नये, या दृष्टीने आम्हाला ते बरेच वाटले. पण सक्ती गेली तरी शेजारच्या खुर्चीची गरज गेली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने शिफारस केली की कनिष्ठ वकिलाला शहरात महिना वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये तरी द्यावेत. शिफारसच ती, हुकूम नव्हे. तालुक्याच्या कोर्टात सगळे वरिष्ठ तेवढे देऊ शकतील असेही नाही. तरी विचारायला लाजू नये. निदान जाण्यायेण्याचे भाडे आणि दुपारचे जेवण इतके तरी पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे.

पेणेहून अलिबागला किंवा पनवेलला कायदा शिकायला जाणारी मुले-मुली एसटीने जातात, रोह्याची काही पहाटेची गाडी धरतात. त्यांना बसून वाचायला एक खोली हवी, जिथे दिवाणी प्रक्रिया संहिता, पुरावा कायदा, महसूल कायदा अशी दहा-पंधरा पुस्तके असतील. फौजदारी कायदे १ जुलै २०२४ पासून बदलले आहेत, भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. तेव्हा कोणी जुनी पुस्तके भेट देत असेल तर साल पाहून घ्या. समाजमंदिर आठवड्यातून सहा दिवस कुलूपबंद असते, त्यातले चार दिवस संध्याकाळी सहा ते नऊ ते उघडता येईल. दिव्याचे बिल किती येणार? जिल्ह्यातले आपले जे वकील आज अलिबागला, माणगावला, पनवेलला काम करतात त्यांनी महिन्यातून एक रविवार येऊन एखादी कैफियत मुलांकडून लिहून घ्यावी. मुलींना संध्याकाळी पाठवायला घरचे कचरतात, हे आम्ही जाणतो. त्यांच्यासाठी रविवारची सकाळ ठेवा आणि एखादी आई किंवा मावशी सोबत बसवा. तिलाही सातबारा वाचता येऊ लागेल.

आणि खोलीच्या किल्लीबरोबर एक वहीही ठेवा. पुस्तक कोणी दिले, कोणी नेले, वर्गणी किती आली, कशावर गेली, सगळे तारखेनिशी. मंडळाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात झालेली नसेल तर तेवढे काम नव्या वकिलालाच सांगा. पहिले पक्षकार तुम्हीच व्हा, आणि फी द्या!

पुढील अंकात वतनाच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिलेले असते त्याचा अर्थ काय, ते पाहू. ज्यांच्याकडे जुने फेरफार उतारे असतील त्यांनी ते काढून ठेवावेत.